तंबोरा आणि कोरडी हवा

चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या कांठीं, तिवरांच्या झाडीला लागून माहुल हें गांव आहे. खाडी जवळ असल्यामुळें तेथील हवा दमट. अशा ठिकाणीं ज्या घरांत तंबोरा किंवा सतार असते, त्या घरांतील मंडळींना ओलाव्याची धास्ती वाटते; कोरडेपणाची चिंता सहसा कोणी करीत नाहीं. परंतु तोच तंबोरा वैशाखांत नागपुरास नेला, किंवा ऐन हिंवाळ्यांत विलायतेंतील मुलीकडे धाडला, तर थोड्याच दिवसांत खुंट्या सरकूं लागतात, तबलीला बारीक चीर जाते, आणि वडिलांच्या हातच्या वाद्याचा आवाज बिघडतो. असें कां होतें हें समजून घेतलें, तर ही हानि बव्हंशीं टळण्यासारखी आहे.

झाड तोडलें म्हणून लांकडाचा पाण्याशीं असलेला संबंध तुटत नाहीं. भोंवतालची हवा दमट असेल तर लांकूड ओलावा शोषून फुगतें. कोरडी असेल तर ओलावा सोडून आकसतें. हवेची आर्द्रता शेंकडा ८० असतां लांकडांत त्याच्या सुक्या वजनाच्या शेंकडा १६ च्या सुमारास पाणी राहतें. आर्द्रता ५० वर आली कीं तें ९ वर, आणि २५ वर आली कीं सुमारें ५ वर उतरतें. हें आकसणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. तंतूंच्या दिशेनें लांकूड जवळजवळ मुळींच आखडत नाहीं; आडव्या दिशेनें मात्र चांगलेंच आखडतें. त्यांतून तबली लांकडाची, पाठ कडू भोपळ्याची, आणि दोहोंना धरणारा सरस तिसराच. प्रत्येकाची चाल निराळी. कडांशीं घट्ट धरलेल्या पातळ तबलीला आकसावयास वाव मिळाला नाहीं, कीं ती तंतूंच्या बाजूनें उभी चिरते.

मिरजेच्या कारागिरांना लांकडाचा हा स्वभाव पुरता ठाऊक आहे. शस्त्रांचें काम मागें पडल्यावर एकोणिसाव्या शतकांत तेथील शिकलगारांनीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तून झाडाचें लांकूड आणि पंढरपूरच्या बाजूचे भोपळे चांगले वाळवूनच ते कामास घेतात. त्यामुळें मोठें आकसणें आधींच होऊन जातें. पण हवेबरोबर होणारा लहान चढउतार कधींच संपत नाहीं.

विलायतेंत तर संकट घर ऊबदार ठेवण्यांतच असतें. शून्य अंशाची बाहेरील हवा ओलाव्यानें तुडुंब असली, तरी तीच खोलींत २० अंशांपर्यंत तापविली कीं तिची आर्द्रता शेंकडा २६ च्या आसपास येते. पाणी तेवढेंच, पण तापलेल्या हवेची तहान जवळजवळ चौपट झालेली. मुंबईंत वातानुकूल यंत्राच्या मागून जें पाणी ठिबकतें, तें खोलींतील हवेंतूनच काढलेलें असतें. म्हणून यंत्राच्या झोतासमोर ठेवलेला तंबोरा माहुलमध्येंही निर्धास्त नसतो.

उपाय साधे आहेत. खोलींत एक आर्द्रतामापक टांगावा. कांटा शेंकडा ४५ ते ६० च्या दरम्यान असला म्हणजे वाद्य सुखांत असतें. तो खालीं उतरूं लागल्यास वाद्य नुसत्या गवसणींत न ठेवतां बंद पेटींत ठेवावें. छिद्रें पाडलेल्या साबणाच्या डबींत, ओला करून पुरता पिळलेला स्पंज घालून, ती लांकडास लागणार नाहीं अशा बेतानें पेटींत ठेवावी, आणि दर दोनतीन दिवसांनीं पाहावी. पावसाळ्यांत ही डबी काढून टाकावी. तेव्हां शत्रु ओल असते. ओल्या फडक्यानें वाद्य पुसणें हा उपाय नव्हे, त्यानें सरस सुटतो. रोगणही ओलाव्याची ये-जा मंद करतें, थांबवीत नाहीं. प्रवासापूर्वीं तारा दोनतीन स्वर उतरवाव्या, आणि मुक्कामीं पोंचल्यावर पेटी एक दिवस मिटलेलीच ठेवावी, म्हणजे पालट हळूहळू होतो.

चीर गेलीच, तर तारा ताबडतोब सैल कराव्या, तींत डिंक भरूं नये, आणि वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावें. मात्र चिरेच्या आधीं बहुधा सूचना मिळते. काल सुरांत लावलेली तार आज आपोआप उतरली, खुंटी हातांत सैल फिरूं लागली, कीं हवा कोरडी झाली असें समजावें. ही सूचना वेळींच ओळखणारें माणूस घरांत असलें, तर आजोबांचा तंबोरा नातवंडांच्या हातींही सुरेल राहतो.