रस्ता सर्वांचा

रस्त्याच्या कडेला कोणती वस्तू ठेवता येते, कोणती ठेवता येत नाही आणि हे कोण ठरवते, याची माहिती या पाठात दिली आहे. रस्ता वापरण्याचा हक्क सर्वांना सारखाच आहे. तो हक्क जपण्यासाठी केलेले नियम आपण समजून घेऊ या.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत जाताना रस्त्याच्या कडेने चालावे, असे तुम्हांला आईवडील आणि शिक्षक नेहमी सांगतात. पण कडेला जागाच नसली तर?

समजा, एका घराचे बांधकाम चालू आहे. घरमालकाने वाळू, खडी आणि विटा घरासमोर रस्त्याच्या कडेला टाकल्या आहेत. पुढे एका दुकानदाराने गटारावर फळी टाकून तिच्यावर माल मांडला आहे. त्याच्या शेजारी एक बंद पडलेली जीप कित्येक दिवसांपासून उभी आहे. अशा वेळी तुम्ही काय करता? ढिगाला वळसा घालून रस्त्याच्या मध्ये येता. तेवढ्यात मागून ट्रक येतो. तुम्ही चटकन बाजूला होता. पण काठी टेकत चालणारे आजोबा काय करतील? ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो काय करील? कडेवर मूल घेतलेली आई किती चपळाईने बाजूला होईल?

ढीग टाकणाऱ्याला कोणालाही इजा करायची नसते. "चार दिवसांचाच प्रश्न आहे," असे तो म्हणतो. परंतु अपघाताला चार दिवस लागत नाहीत. एक क्षण पुरतो.

वाट अडवणारी कोणतीही वस्तू म्हणजे अडथळा. सार्वजनिक जागेवर स्वतःचा ताबा बसवणे म्हणजे अतिक्रमण. उर्दूत आपण त्याला 'नाजायज कब्जा' म्हणतो. या विषयातले पुष्कळ मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. रस्ता, हद्द, अर्ज, परवाना, जप्ती हे शब्द फारसी आणि अरबी भाषांतून मराठीत आले आहेत. 'रहदारी' या शब्दात तर 'राह' हा शब्द सरळ दिसतो.

रस्ता कोणाच्या हद्दीत आहे, त्यावरून त्याची देखरेख कोणी करायची ते ठरते. गावठाणातील रस्ते ग्रामपंचायत पाहते. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर अशा शहरांत हे काम नगरपरिषदेकडे असते. अहिल्यानगर शहरात ते महानगरपालिकेकडे आहे. गावांना जोडणारे रस्ते जिल्हा परिषदेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्र सरकारची वेगळी व्यवस्था आहे.

प्रथम शहराचा विचार करू. मलिक अहमद निजामशाहने हे शहर वसवले. अहमदनगर हे त्याचे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. येथील जुन्या पेठांतले रस्ते पायी चालणारी माणसे, घोडे आणि बैलगाड्या यांच्या काळातले आहेत. आज अशा पेठांतून रिक्षा, मोटारी आणि टेम्पो जातात. रहदारी वाढली, पण रस्ता तेवढाच राहिला. त्यामुळे दोन हात जागा अडली, तरी सारी पेठ अडते. अशा वेळी एखाद्या दुकानाला आग लागली, तर अग्निशामक दलाचा बंब आत कसा शिरणार?

२००३ मध्ये येथे महानगरपालिका झाली. तेव्हापासून राज्याचा १९४९ चा महानगरपालिका कायदा या शहराला लागू झाला. आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू ठेवू नये, असे हा कायदा सांगतो. दुकानाची मांडणी, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, मालाचा गठ्ठा अशी साधी नावे त्यात आली आहेत. परवानगी नसताना ठेवलेली वस्तू आगाऊ नोटीस न देताही उचलता येते.

बांधकामाचे सामान रस्त्यावर मुळीच ठेवता येत नाही, असे मात्र नाही. त्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते. सामानाभोवती कुंपण करावे लागते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेथे पुरेसा दिवा ठेवावा लागतो. काम संपल्यावर रस्ता पूर्वीसारखा करून द्यावा लागतो. लोकांना धोका होऊ नये, हाच या अटींचा हेतू आहे.

सणासमारंभांचेही तसेच आहे. गणेशोत्सव असो, मोहरम असो, उरूस असो की लग्न असो, रस्त्यावर मांडव घालायचा असेल तर महानगरपालिकेची लेखी परवानगी लागते. तिला पोलिसांचीही संमती लागते. आनंद आपला असला, तरी रस्ता सर्वांचा असतो.

आता गावाकडे वळू. गावासाठी १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. गावठाणातील सार्वजनिक रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, ओटा किंवा पायरी बांधू नये, तसेच पेट्या आणि गठ्ठे टाकून वाट अडवू नये, असे त्याचे ५३ वे कलम सांगते. मूळ कायद्यात यासाठी ५० रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. दोषी ठरल्यावरही अडथळा तसाच राहिला, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ५ रुपयांपर्यंत जादा दंड होता. ही रक्कम आज लहान वाटते. परंतु अडथळा काढून टाकण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे आणि त्याचा खर्च अडथळा करणाऱ्याकडून वसूल करता येतो. ग्रामपंचायतीने काहीच केले नाही, तर जिल्हाधिकारी त्यात लक्ष घालू शकतात.

हा कायदा गावच्या गरजाही ओळखतो. सणासमारंभासाठी रस्त्याची जागा तात्पुरती वापरायला ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते. आडगल्लीत जळण रचून ठेवायलाही ती परवानगी देऊ शकते. मात्र चार दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कोणाची गैरसोय होणार नाही अशा रीतीने. म्हणजे "चार दिवसांचाच प्रश्न आहे" असे म्हणणाऱ्याचे कायदा ऐकून घेतो. फक्त तो विचारतो, "परवानगी घेतलीस का? आणि पाचव्या दिवशी जागा मोकळी करशील का?"

शेतात जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. त्यासाठी १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर वेगळेच अडथळे दिसतात. सुगीच्या दिवसांत काही जण ज्वारी-बाजरीची कणसे डांबरी रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या, की मळणी होते. त्यामुळे शेतकऱ्याचे श्रम वाचतात, हे खरे. परंतु त्यावरून मोटारसायकलचे चाक घसरते. गाडीखाली गुंतलेले वाळके काड गरम भागाला लागून पेटूही शकते.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. दरवर्षी गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिवसरात्र रस्त्याने जातात. एखादी ट्रॉली वाटेत बंद पडते. चालक चाकाखाली मोठे दगड लावतो. दुरुस्ती झाली, की गाडी निघून जाते आणि दगड तेथेच राहतात. अंधारात येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ते दिसत नाहीत. दगड ठेवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. तो फक्त दगड उचलायला विसरला. पण त्या विसरण्याने एखाद्या घरचा कमावता माणूस जाऊ शकतो.

म्हणून धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन रस्त्यात सोडून जाऊ नये, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण करणे हा गुन्हाही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हा दंड ५,००० रुपयांपर्यंत आहे.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. हातगाडीवर केळी विकणाऱ्या माणसाने कोठे जावे? त्याचे घर त्या गाडीवर चालते. हा प्रश्न योग्य आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना प्रमाणपत्र द्यायचे असते आणि विक्रीच्या जागा ठरवायच्या असतात. त्यासाठी शहरात एक समिती असते. तिच्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात. विक्रेत्याला जागेवरून हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. चालणाऱ्याला वाट मिळावी आणि विकणाऱ्याला पोट भरता यावे, या दोन्ही गोष्टी कायद्याला हव्या आहेत.

मग आपण काय करावे? सुरुवात घरापासून करावी. आपली सायकल, आपल्या दुकानाची फळी, आपल्या घराची वाळू कोणाच्या वाटेत येते का, ते पाहावे. शेजाऱ्याचा अडथळा असेल, तर मोठ्यांनी त्याला प्रथम गोडीने सांगावे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते. तसे झाले नाही, तर मोठ्यांच्या मदतीने ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे किंवा महानगरपालिकेकडे अर्ज करावा. अडथळा कोठे आहे, कशाचा आहे, केव्हापासून आहे आणि त्यामुळे कोणाला त्रास होतो, या चार गोष्टी अर्जात स्पष्ट लिहाव्यात. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. स्वतः भांडायला किंवा कोणाचे सामान फेकायला जाऊ नये.

वाटेतला दगड किंवा काटा बाजूला करणे हे सवाबचे काम आहे, असे घरातील वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकले असेल. कायद्याचे म्हणणेही याहून फार वेगळे नाही. आपण टाकलेला दगड आपण उचलला, तर पुष्कळ नियमांची गरजच पडणार नाही.

शब्दार्थ
पादचारी – पायी चालणारा
रहदारी – माणसांची व वाहनांची ये-जा
गावठाण – गावातील घरांची वस्ती असलेली जागा
वहिवाट – पूर्वीपासून चालत आलेला वापर
गळीत हंगाम – कारखान्यात ऊस गाळण्याचे दिवस
नाशवंत – लवकर खराब होणारे
दाद मागणे – न्याय मागणे
पोच – अर्ज मिळाल्याची सही किंवा शिक्का

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अतिक्रमण म्हणजे काय?
(आ) गावठाणातील रस्त्यांची देखरेख कोण करते?
(इ) ग्रामपंचायतीच्या परवानगीने आडगल्लीत जळण किती दिवस ठेवता येते?
२. बांधकामाचे सामान रस्त्यावर ठेवताना कोणत्या अटी पाळाव्या लागतात?
३. फेरीवाल्यांच्या हितासाठी २०१४ च्या कायद्यात कोणत्या तरतुदी आहेत?
४. 'पादचारी' आणि 'दाद मागणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या शाळेसमोर खडीचा ढीग पडला आहे, अशी कल्पना करा. तो हटवण्यासाठी योग्य कार्यालयाकडे अर्ज लिहा.