संगणकाचं बिऱ्हाड

बालदोस्तांनो, घरच्या संगणकात सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय का? होणारच! विंडोज ११ साठीच निदान ६४ जीबीची डिस्क लागते. त्यात तुमचे खेळ आणि ताईच्या लग्नाचे फोटो! मग बाबा मोठी डिस्क आणतात. आता सगळं बिऱ्हाड कॉपी-पेस्ट करून तिकडे नेलं की झालं, असंच वाटतं ना? अंहं! त्या डिस्कवरून संगणक सुरूच होणार नाही.

असं का बरं? बटण दाबलं की संगणक डिस्कवरचा एक छोटासा भाग शोधतो. विंडोजला कुठून उठवायचं, ते तिथं लिहिलेलं असतं. हा भाग एरवी आपल्याला दिसतच नाही, मग कॉपी कसा होणार? म्हणून अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढतात. तिला म्हणतात 'क्लोन'. (आमच्या वर्गातली मुलं 'झेरॉक्स' म्हणतात, तेही चालेल!) क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून हे काम करतं.

पण जपून हं! 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर जुन्या डिस्कवरचे फोटो गेलेच म्हणून समजा. म्हणून ते आधी वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. डिस्कचं नाव, आकार दोनदा वाचा. आईलाही वाचायला सांगा.

नक्कल झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवा आणि संगणक सुरू करा. सी ड्राइव्ह बहुधा पूर्वीएवढाच दिसेल. घाबरू नका, उरलेली जागा त्याला नंतर जोडता येते. जुनी डिस्क मात्र आठवडाभर तरी पुसू नका.