हे घराजवळ घडलं, बॉस!

शनिवारची रात्र. बाहेर रत्नागिरीचा धो धो पाऊस, आत मारुती मंदिरजवळच्या फ्लॅटवर आमची पाचजणांची गँग, गरम भजी आणि ‘मॅन बाइट्स डॉग’. ‘कॉमेडी आहे रे,’ एवढंच ऐकलेलं.

हा १९९२ चा बेल्जियन, ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. रेमी बेल्व्हो, आंद्रे बोन्झेल आणि बेन्वा पूलव्होर्द या तिघांनी जेमतेम पैशांत केलेली मॉक्युमेंटरी. म्हणजे सगळं खोटं, पण दिसायला अस्सल डॉक्युमेंटरी. बेन पैशासाठी खून करतो आणि एक टीम त्याच्यावर फिल्म बनवतेय. गडी एकदम गप्पिष्ट. कविता म्हणतो, प्रेत पाण्यावर येऊ नये म्हणून किती वजन बांधायचं त्याचं गणित समजावतो. आम्ही खो खो हसलो. एका आजीला तर तो गोळी वाचवून नुसता ओरडून मारतो. तेव्हाही कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.

मग टीम बदलत जाते. आधी नुसतं शूटिंग, मग प्रेत उचलायला हात, मग फिल्मसाठी बेनचेच पैसे. शेवटी एका घरात घुसून तीही अत्याचारात सामील होते. आमच्या खोलीत चिडीचूप. भजी गार.

हिंसा आपल्याला नवी नाही. १९७६-७७ मध्ये पुण्याला हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा ‘माफीचा साक्षीदार’ आहेच. त्यातला नाना पाटेकर अंगावर येतो, पण चीड कुणाची यायला हवी, हे तिथे आधीच ठाऊक असतं. बेन मात्र आधी दोस्ती करतो. म्हणून जास्त त्रास होतो.

मूळ फ्रेंच नावाचा अर्थ आहे, ‘हे तुमच्या घराजवळ घडलं’. पेपरातल्या आपल्या जिल्ह्याच्या पानासारखं.

सोमवारी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हायवेवरच्या अपघाताचा व्हिडिओ आला. रस्त्यावर पडलेल्या माणसाचा हात हलतोय. शूट करणारा जवळ जातो, अजून जवळ. त्याच मोबाइलवरून १०८ लावायला कितीसा वेळ लागतो? पण हेही मला सुचलं ते व्हिडिओ दोनदा बघून झाल्यावर. एरवी ‘बापरे’ टाइप करून फॉरवर्ड केला असता. या वेळी डिलीट केला आणि ग्रुपवर विचारलं, ‘याला हॉस्पिटलात कुणी नेलं का?’

सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही.