किमो चालू असताना क्लेमची धास्ती

किमोच्या डे-केअर वॉर्डात पेशंटच्या हाताला सलाईन असते आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकाच्या मांडीवर फाईल: पॉलिसी, बायोप्सीचा रिपोर्ट, टीपीएचं, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं, पत्र. तिथे औषधांपेक्षा क्लेमचीच चर्चा जास्त चालते, तीही बरीचशी ऐकीव. त्या भीतीपायी कुणी उपचाराची तारीख पुढे ढकलू नये, म्हणून हे लिहितो आहे.

‘मोठा क्लेम केला की कंपनी पॉलिसीच बंद करते.’ मुळीच नाही. आधी क्लेम केला, एवढ्या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. पॉलिसी हातची जाते ती हप्ता चुकल्यावर. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची मुभा असते, मासिक हप्त्याला १५. आजारपणाच्या धावपळीत ही तारीख पेशंटच्या डोक्यावर ठेवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळा.

‘चोवीस तास ॲडमिट नसाल तर पैसे मिळत नाहीत.’ किमो आणि डायलिसिस डे-केअर उपचारांत धरले जातात, त्यांना चोवीस तासांची अट नसते.

‘जुना आजार कायमचा वगळलेला.’ २०२४च्या नियमांनुसार त्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांची. पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल, तर माहिती दडवल्याचं कारण पुढे करून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. तरीही फॉर्मवर शुगर, बीपी लिहाच. एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी सही तुमची असते.

‘नाकारलं म्हणजे संपलं.’ माणसं सर्वांत जास्त खचतात ती इथे, आणि खचायचं कारण नसतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. बिल भरून नंतर परतावा मागता येतो. क्लेमच नाकारला, तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

पॉलिसीच नसेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. मात्र यादीतले आणि योजनेतल्या रुग्णालयातच. ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा, आणि रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या.