फंक्शन कळांची मुखत्यारी

शिकागो शहरात १९७८ च्या फेब्रुवारीत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी टेलिफोनच्या तारेवरून निरोप ठेवण्याची व वाचण्याची सोय असलेला पहिला बुलेटिन बोर्ड सुरू केला आणि पुढे तसे हजारो बोर्ड, आपल्या मुंबईतला ‘लाइव्ह वायर’ धरून, जगभर निघाले. बहुतेकांचा कारभार कुणाच्या तरी घरातील एकाच संगणकावर चाले आणि तो पाहणाऱ्या गृहस्थास ‘सिसॉप’ म्हणत. दूरच्या पाहुण्याला जे दिसे तेच सिसॉपच्याही पडद्यावर उमटे. इतकेच नव्हे, तर सिसॉपने आपल्या कळफलकावर एखादे अक्षर दाबले की ते पाहुण्याचेच समजून बोर्ड स्वीकारीत असे. अशा स्थितीत पाहुण्याचे चालू काम न बिघडवता त्याच्याशी संभाषण सुरू करावयाचे, त्याची मुदत वाढवावयाची किंवा प्रसंगी त्यास निरोप द्यावयाचा, तर हुकूम बजावावा कोणत्या मार्गाने?

तो मार्ग फंक्शन कळांचा. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर कळफलकाच्या डाव्या अंगास अशा दहा कळा होत्या. अक्षराची कळ दाबली की संगणकाला त्या अक्षराचा अंक मिळतो. फंक्शन कळ मात्र आधी शून्य आणि मग स्वतःचा क्रमांक देते: एफ-१ चा ५९, एफ-१० चा ६८, आणि शिफ्टसह एफ-१ दाबल्यास ८४. बोर्डाचे सॉफ्टवेअर कळफलक एका वाटेने आणि मोडेम दुसऱ्या वाटेने वाचीत असल्यामुळे, पाहुण्याने तिकडून काहीही धाडले तरी ती इकडची फंक्शन कळ ठरत नसे. या विभागणीत मला या योजनेचे खरे शहाणपण दिसते. कारण मालकाची मुखत्यारी येथे परवलीच्या शब्दावर विसंबून नव्हती, ती प्रत्यक्ष यंत्रासमोर बसण्यावर अवलंबून होती.

कोणत्या कळेवर कोणते काम नेमावे, यात मात्र विवेक लागे. ‘डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही’ या लोकप्रिय बोर्डात एफ-१० ने संभाषण सुरू होई आणि एफ-५ ने फोन तुटे. ही दोन कामे एकमेकांपासून लांब ठेवली, हे योग्यच झाले, कारण गप्पांसाठी पुढे केलेले बोट चुकून शेजारी पडले तर पाहुणाच नाहीसा व्हावयाचा. त्याच बोर्डात शिफ्टसह एफ-५ दाबल्यास पडद्यावर तारेतील खरखरीसारखा अक्षरांचा कचरा उमटून मग फोन तुटे, जेणेकरून दोष टेलिफोन खात्याच्या माथी जावा. ही सोय मला कधीच रुचली नाही. ज्याला घालवावयाचे त्याला तसे स्पष्ट सांगावे.

पाहुण्याच्या बाजूसही ‘टेलिक्स’सारख्या प्रोग्रामात फंक्शन कळेवर ठरावीक मजकूर बसवता येई, शेवटी ^M ही खूण घातली की एंटर आपोआप दाबले जाई. पुष्कळ जण नाव आणि परवलीचा शब्द अशा एकाच कळेवर ठेवीत, आणि मग घरातील कोणाही व्यक्तीस तेवढी कळ पुरे होई.

परंतु मोठा धोका निराळाच होता. पीसीच्या ‘डॉस’ या कार्यप्रणालीबरोबर येणाऱ्या ‘ॲन्सी डॉट सिस’ या साहाय्यक प्रोग्रामाला, पडद्यावर जाणाऱ्या मजकुरात एस्केप या चिन्हामागून कंस, शून्य, ६८, अवतरणांतील एखादी आज्ञा, १३ आणि शेवटी पी अशी मालिका आढळली, की तो एफ-१० ची नेमणूक तत्काळ बदलून टाकी. दुष्ट बुद्धीच्या पाहुण्याने अशी मालिका पेरलेली मजकुराची फाइल बोर्डावर चढवावी, भाबड्या सिसॉपने ती टाइप या आज्ञेने वाचावी, आणि नंतर डॉसमध्ये असताना सहज एफ-१० दाबताच फाइली पुसण्याचा हुकूम एंटरसह सुटावा, असा हा प्रकार. त्यास ‘ॲन्सी बॉम्ब’ म्हणत. कळफलकाच्या वाटेने ज्याला मज्जाव होता, तो पडद्याच्या वाटेने आत शिरला. म्हणून जाणते सिसॉप ‘ॲन्सी डॉट सिस’च्या जागी कळांची फेरनेमणूक बंद ठेवता येईल असा दुसरा प्रोग्राम तैनात करीत, आणि परक्या फाइली एस्केपचे चिन्ह नुसते अक्षर म्हणून दाखविणाऱ्या वाचकातच उघडीत.