काट्यावरचा शनिवार

सकाळी ८ : डर्बीशायरमधलं आमचं कॅरव्हानचं यार्ड उघडलं. दुपारी ताब्यात द्यायच्या कॅरव्हानची हवा, ब्रेकअवे केबल, तेरा पिनांच्या प्लगवर चालणारे मागचे दिवे तपासून घेतले.

९.३० : लेस्टरहून एक मराठी जोडपं आलं, निवृत्तीनंतरची पहिली कॅरव्हान घ्यायला.

"टर्बो इंजिन आहे, सहज ओढेल," काका म्हणाले.

"ओढेल हो काका. पण उतारावर, आडव्या वाऱ्यात मागचं धूड ढकलायला लागलं, तर गाडी त्याला आवरेल का, ते बघू."

दाराच्या चौकटीवरची कंपनीची पट्टी वाचली. १९५० किलो ही भरलेल्या गाडीची मर्यादा, ३२५० ही गाडी आणि कॅरव्हान मिळून. वजाबाकी १३००. त्यांना आवडलेल्या कॅरव्हानच्या पट्टीवर १४००.

"पण ती रिकामी १२५०च आहे ना?" काकूंनी विचारलं.

हा प्रश्न रोज येतो आणि त्याचं उत्तर मी कधीच घाईत देत नाही. १२५० हे कारखान्यातून निघतानाचं वजन. सामानासाठी उरतात १५० किलो. त्यात मूव्हर ३५, बॅटरी २०, ऑनिंग २५. राहिले ७०. खुर्च्या, अंथरुणं, कपडे, भांडी, काकूंचा कुकर, सगळं त्यातच. पाण्याचा ४० लिटरचा ड्रम भरून नेला, की आणखी ४० किलो गेले. पट्टीवरच्या आकड्यापुढे जाणं हा इथे गुन्हा आहे.

नवख्यांसाठी आणखी एक पथ्य : कॅरव्हानची भरलेली मर्यादा गाडीच्या मोकळ्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत हवी. हा कायदा नव्हे, पण मी त्यात सूट देत नाही. काकांची गाडी १४५०ची, म्हणजे १२३०च्या आसपास. एक तर लहान कॅरव्हान घ्या, नाहीतर साडेसोळाशेच्या पुढची गाडी.

१२ : एक जुने गिऱ्हाईक कॅरव्हान भरूनच घेऊन आले. दांड्याखाली मापक लावला आणि पुढचं चाक हळूहळू वर घेतलं. टोबॉलवर येणारा भार ११२. त्यांच्या टोबारला १०० चालतात. पुढच्या पलंगाखाली डब्यांचं खोकं निघालं. ते ॲक्सलवर सरकवलं, काटा ८८वर आला. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार पुढे हवाच. तो कमी पडला, की कॅरव्हान शेपटासारखी हलायला लागते. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही.

२ : सकाळी तपासलेली कॅरव्हान एका तरुण जोडप्याच्या ताब्यात दिली. डिसेंबर २०२१ पासून १९९७ नंतरच्या लायसन्सवरही ३५०० किलोंपर्यंत ओढता येतं. त्यांना मी तरीही दिवसभराचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. रिव्हर्स वाचून येत नाही.

४ : बाराचे गिऱ्हाईक सार्वजनिक वजनकाट्यावर निघाले, मीही सोबत गेलो. पावती १४२०, पट्टी १४००. ड्रम तिथेच रिकामा केला. १३८०.

५.३० : काकांचा मेसेज. मुलाची इलेक्ट्रिक गाडी चालेल का? वजन १८००. वजन ठीक आहे, पण कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांना ओढायची परवानगीच नसते. मी लिहिलं, "काका, आधी गाडीच्या पुस्तकातलं टोइंगचं पान पाठवा. तोवर पैसे भरू नका."