दंड सरकारला, भरपाई कोणाला?

‘ग्राहक हा राजा आहे’ हे वाक्य आपण दुकानांच्या पाट्यांवर नेहमी वाचतो. परंतु या राजाच्या खिशातून चार पैसे अन्यायाने गेले, तर ते परत कसे मिळवायचे, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते. दुकानदाराने फसवले तर निदान त्याच्याशी भांडता येते. पण माल तयार करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनीच आपसात ठरवून भाव चढवला, तर भांडायचे कोणाशी?

बाजाराचा साधा नियम असा की, दहा विक्रेते असले म्हणजे गिऱ्हाईक ओढण्यासाठी कोणीतरी भाव उतरवतो. या चढाओढीत ग्राहकाचे हित असते. मात्र दहाही जणांनी बंद खोलीत बसून ‘या भावाखाली कोणी विकायचे नाही’ किंवा ‘माल कमीच काढायचा’ असे ठरवले की चढाओढ संपते आणि ग्राहक नाडला जातो. यालाच संगनमत म्हणतात. आपल्याकडे पूर्वी यासाठी १९६९ चा मक्तेदारी कायदा होता. त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. संगनमतास बंदी करणारी त्याची कलमे २० मे २००९ पासून लागू झाली. अशा प्रकरणांची चौकशी भारतीय स्पर्धा आयोग करतो.

हा विषय मला दूरचा वाटत नाही. माझे वडील अंबड तालुक्यात गवंडीकाम करतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आपला जालना जिल्हा लोखंडी सळई आणि बियाणे यांसाठी प्रसिद्ध आहे, तरी घर बांधणाऱ्या गरिबाचा हिशेब सिमेंटच्या गोणीपाशी येऊन अडतो. गोणीमागे २० रुपये वाढले की शंभर गोण्यांना २,००० रुपये जास्त लागतात. घरमालकाला वाटते, मिस्त्रीचाच अंदाज चुकला. भाव कोठे ठरला, हे त्या दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

सिमेंटच्या भावाबाबत आपल्या देशात एक मोठे प्रकरण घडले आहे. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने २०१० मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जून २०१२ मध्ये आयोगाने एसीसी, अंबुजा, अल्ट्राटेक यांच्यासह अनेक आघाडीच्या सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल दोषी धरून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. कारखान्यांची क्षमता असूनही उत्पादन कमी ठेवले गेले आणि भाव बरोबरीने हलत राहिले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी तो अमान्य केला. सुनावणीच्या पद्धतीत दोष निघाल्याने तो आदेश डिसेंबर २०१५ मध्ये रद्द झाला. आयोगाने फेरसुनावणी घेऊन ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा तसाच दंड केला. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली आणि दंडाच्या १० टक्के रक्कम भरण्यास सांगितले.

आता मुख्य मुद्दा असा की, या हजारो कोटींतून सिमेंटची गोणी विकत घेणाऱ्याला किती मिळते? उत्तर आहे, एक पैसाही नाही. दंडाची रक्कम भारत सरकारच्या संचित निधीत जमा होते. दंड हा गुन्ह्याबद्दल असतो, तर भरपाई ही नुकसानीबद्दल असते. या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि भरपाई मागितल्यावाचून मिळत नाही.

अमेरिकेतील उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. कोंबडीचे मांस विकणाऱ्या कंपन्यांनी संगनमताने भाव चढवले, असे दावे तेथे २०१६ पासून शिकागोच्या न्यायालयात चालले. पिलग्रिम्स प्राइड या कंपनीने फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल केला आणि २०२१ मध्ये तिला १० कोटी ७० लाख डॉलर दंड झाला. तो सरकारचा. त्याखेरीज टायसन, पिलग्रिम्स व इतर कंपन्यांनी सामान्य ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड करून सुमारे १८ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. ते ग्राहकांचे. स्वयंपाकघरासाठी कोंबडी घेणाऱ्या साध्या माणसाला त्यासाठी अर्ज भरता आला. एकेकाच्या वाट्याला येणारी रक्कम लहान असते, त्यापायी एकटा माणूस वकील करणार नाही. परंतु लाखोंचे नुकसान एका दाव्यात गोळा केले की कंपनीला त्याची दखल घ्यावीच लागते.

आपल्या कायद्यात अशी सोय नाही असे नाही. स्पर्धा कायद्याच्या ‘५३ एन’ कलमाखाली अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते आणि त्याच्या परवानगीने एकाने अनेकांच्या वतीनेही अर्ज करता येतो. मात्र आधी संगनमत सिद्ध व्हावे लागते. अपिले वर्षानुवर्षे चालली की ग्राहकही तेवढीच वर्षे ताटकळतो. आणि अखेर दार उघडलेच, तर पहिला प्रश्न येणार, ‘माल घेतल्याचा पुरावा काय?’ आमच्या भागात पुष्कळ दुकानांत कच्ची पावती देतात, तीही पुढे कोठे जाते कळत नाही.

छापील किमतीहून जास्त पैसे घेतले किंवा माल सदोष निघाला, तर मार्ग जवळचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही. एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. मागूनही बिल न देणे हा या कायद्यात अनुचित व्यापार ठरतो. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. म्हणजे आधी लोक एकत्र आले, मग कायदा आला. आज कायदा आहे, पण गावोगावच्या मिस्त्रींना, शेतकऱ्यांना आणि मजुरांना तो कोणी वाचून दाखवलेला नाही. मित्रांनो, ते काम आपले आहे. आपण प्रत्येकाने या सुट्टीत आपल्या गल्लीतील चार घरांना एवढे जरी सांगितले की, पक्के बिल मागा आणि ते जपून ठेवा, तरी पुढे कधी भरपाईची वेळ आली असता ही माणसे रिकाम्या हाताने उभी राहणार नाहीत.